उबेला ठेवलेली गाणी

कट्, कट्, कट् असा तीनदा आवाज झाला आणि गाडीत क्लॅरिनेट वाजायला लागलं.

ड्रायव्हरताईंनी लावली होती सतार. पहाटे गाडी काढली की पहिला माणूस चढेपर्यंत सतार, हा त्यांचा शिरस्ता. क्लॅरिनेट शिंपीकाकांचं होतं, ते गाडीत चढले की मग लावायचं. ताईंनी हातमोजा काढून गाणी वाजवायच्या यंत्राचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. क्लॅरिनेट काही हटेना. आणि तेही सुरुवातीपासून वाजत नव्हतं. मधूनच लागलं होतं, जणू आधीपासून कुठेतरी चालूच होतं आणि यांनी आत्ता फक्त दार उघडलं.

जाऊ दे, काका खूश होतील, असं म्हणत त्यांनी गाडी शिंप्याच्या गल्लीच्या तोंडाशी उभी केली. काचेवरचा बर्फाचा पापुद्रा खरवडून त्यांनी समोर बघण्यापुरती जागा केली होती, तिच्यातून काकांचं दार दिसत होतं. एरवी काका आधीच पायरीवर उभे असायचे, मफलरमधून वाफा सोडत. आज पायरीवर कुणी नव्हतं. थोड्या वेळाने सून बाहेर आली. तिने दाराची कडी हलकेच लावून घेतली आणि ती अनवाणी पायांनी त्या थंड फरशीवरून चालत गाडीपर्यंत आली.

"आज नको," ती म्हणाली. "चार वाजता गेले."

मागे क्लॅरिनेट वाजतच होतं. सुनेने एकदा आत डोकावून पाहिलं. ती परत फिरली. ताईंनी घाईघाईने वायर ओढून काढली.

गाडी डायलिसिस सेंटरची होती. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे साडेपाचपासून सहा पेशंटना घरून उचलायचं, सातच्या आत सेंटरवर पोचवायचं, चार तास यंत्रावर झाले की परत ज्याच्या त्याच्या घरी. ताई आधी त्याच सेंटरमध्ये चौदा वर्षं आया होत्या. फरशा पुसल्या, चादरी बदलल्या, रक्ताचे डाग गार पाण्याने धुतले. एकेचाळिसाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकायची टूम काढली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "स्टूलवर चढलीस तरी तुला चक्कर येते, आणि गाडी चालवणार?" पण ताई शिकल्या. जुना ड्रायव्हर निवृत्त झाला आणि किल्ली त्यांच्या हातात आली.

सकाळी यंत्राकडे निघालेली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. प्रत्येक जण आपला सुया टोचलेला हात दुसऱ्या हाताने धरून खिडकीबाहेर बघत बसायचा. गाव डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात, तिथे गाडीतला रेडिओ नुसता खरखरायचा. मग ताईंच्या धाकट्या बहिणीने तिचं जुनं गाणी साठवायचं यंत्र त्यांना दिलं. साबणाच्या वडीएवढं, जड, चकचकीत पाठीचं. हजारो गाणी मावायची त्यात. वायरीने ते गाडीच्या टेपला जोडायचं. ताईंनी प्रत्येकाला त्याची आवड विचारली आणि बहिणीकडून प्रत्येकाच्या नावाचा एकेक कप्पा भरून घेतला. शिंपीकाकांचं क्लॅरिनेट. रिटायर्ड पोस्टमनची जुनी, वाऱ्यावर उडाल्यासारखी प्रेमगीतं. आत्याबाई म्हणून होत्या, त्यांना फक्त बायकांचे आवाज चालायचे. मास्तरांचं व्हायोलिन. एक हमाल होता, त्याला ढोलाशिवाय काही ऐकू यायचं नाही. आणि वीस वर्षांची एक पोर, जिला सगळे धाकटी म्हणायचे, तिची ती धडधडणारी, इंजिनात खिळा पडल्यासारखी गाणी. जो चढेल त्याचं गाणं लागायचं, पुढचा चढेपर्यंत. धाकटीचं लागलं की मास्तर कानात बोटं घालायचे आणि तिला मोठ्याने विचारायचे, "हे संपल्याचं कळतं कसं?" गाडी बोलायला लागली होती.

शिंपीकाका गेले ते त्या थंडीतलं पहिलं माणूस. ताईंनी क्लॅरिनेटचा विचार मनातून काढून टाकला. तीन आठवड्यांनी, गाडीच्या छतावरून काचेपर्यंत बर्फाचे दात लोंबत होते त्या सकाळी, पुन्हा तोच आवाज झाला, कट्, कट्, कट्, आणि पोस्टमनचं प्रेमगीत मधूनच सुरू झालं. ताईंनी गाडी जोरात हाकली. पोस्टमनच्या घरासमोर शेजारच्यांच्या चपलांचा ढीग पडला होता.

आत्याबाईंच्या वेळी तर ताई गाडीतून उतरल्याच नाहीत. बाईचा आवाज गाडीत भरला, ताईंनी इंजिन बंद केलं आणि त्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. फोन यायला सात मिनिटं लागली. आत्याबाईंचा भाचा होता.

त्या दुपारी ताई रेडिओवाल्याकडे गेल्या. बाजाराच्या मागे त्याचं दुकान, बाकावर जुन्या मशिनींची आतडी पसरलेली. त्याने यंत्र कानाशी धरलं, हलवलं, हुंगल्यासारखं केलं आणि समजावून सांगितलं की याच्या आत एक तबकडी असते, ती गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक काटा गाणी वाचत जातो. रात्रभर गाडीत ठेवलं की थंडीने आतलं वंगण घट्ट होतं, तबकडी जड होते, काटा चुकतो आणि भलतीकडेच पडतो. गाडीत ठेवू नका, घरी न्या, आणि गारठलेलं एकदम उबेत आणलंत तर आत दव धरेल, तेव्हा जरा दम धरून सुरू करा. नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घ्या, त्यात फिरणारं काही नसतंच.

"काटा चुकला तर कुठेही पडेल ना?" ताईंनी विचारलं.

"कुठेही."

"मग तो कुठेही का पडत नाही?"

ताईंनी तारखांसकट सगळं सांगितलं. रेडिओवाल्याने चष्मा काढून पुसला, आणि तो स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला. शेवटी म्हणाला की उबेला ठेवा, एवढंच आपण करू शकतो.

ताईंनी ते शब्दशः घेतलं. पेनड्राइव्ह त्यांनी घेतला नाही. घेतला असता तर हे यंत्र कुठेतरी खणात पडलं असतं, आणि खणातल्या थंडीत ते काय करत बसलं असतं कुणास ठाऊक. त्यांनी जुन्या लोकरी मोज्याची पिशवी शिवली, यंत्र तिच्यात घातलं आणि स्वेटरच्या आत, बरगडीला लागून ठेवायला सुरुवात केली. आंघोळीपुरतं ते सासूबाईंच्या शेकायच्या पिशवीवर जायचं. झोपताना पांघरुणात.

"पोटाशी काय धरून बसतेस सारखं?" सासूबाई म्हणाल्या. "अंडं आहे का? बघू, काय निघतंय."

ताई हसल्या. पण सांगितलं नाही.

पाच आठवडे गेले. थंडी त्या वर्षी हटायचं नाव घेत नव्हती, नळ सकाळी दहापर्यंत गोठलेले असायचे. पण यंत्र बरगडीपाशी ऊबदार होतं, सतार म्हटलं की सतार लागायची, ढोल म्हटलं की ढोल. रिकाम्या जागांवर दोन नवे पेशंट आले, त्यांचेही कप्पे भरले, आणि गाडीतून कुणी कमी झालं नाही. हमालाला रक्ताची उलटी झाली आणि तो चौथ्या दिवशी ठणठणीत होऊन आला. ताईंना एकदा ताप भरला, तरी त्यांनी सुट्टी घेतली नाही, कारण बदली ड्रायव्हरच्या अंगाला ते यंत्र द्यायचं कसं? आणि कधी कधी, स्वयंपाकघरात उभ्या असताना, बटण बंद असूनही त्यांना ते बरगडीपाशी थरथरल्यासारखं वाटायचं. आतली तबकडी हळूच एक फेरी मारून घेत असावी. कुशीवर वळणाऱ्या मुलासारखी. तेव्हा त्या हातातलं काम थांबवायच्या आणि ते थांबेपर्यंत श्वास रोखून धरायच्या.

मास्तर पुढच्या सीटवर बसायचे. अठ्ठ्याहत्तरीचे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पाच वर्षं डायलिसिसवर. पायांची बोटं बधिर झाली होती, खाल्लेलं टिकत नव्हतं. लेकीकडे राहायचे. ती बँकेत होती, सकाळी बापाच्या पायांत दोन दोन मोजे चढवून मग कामाला पळायची. एके दिवशी परतताना गाडीत मागे कुणी उरलं नव्हतं, तेव्हा मास्तर म्हणाले, "पाच आठवडे झाले. कुणी गेलं नाही."

ताईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"मी पुढे बसतो, ताई. शिंप्याच्या दिवशी मी चढलो तेव्हा वायर लोंबत होती. पोस्टमनच्या दिवशी तुम्ही कुणाचंच गाणं लावलं नाहीत. आणि आता तुम्ही ते यंत्र कुठून काढता ते मला दिसतं. आम्ही सगळे तुमच्या अंगाच्या उबेवर जगतोय, असं वाटतंय ना तुम्हाला?"

ताईंनी गाडी कडेला घेतली. रेडिओवाल्यानंतर पहिल्यांदाच त्या कुणाशी तरी हे बोलल्या. मास्तरांनी मध्येच तोडलं नाही, वर्गातल्या मंद मुलाचं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आपलं सांगितलं. त्यांना थांबायचं होतं. डॉक्टरांशी त्यांचं बोलणं झालं होतं, डायलिसिस बंद केलं की आठ-दहा दिवस, फार त्रास नाही. पण लेकीपुढे विषय काढला की ती ताटावरून उठून जायची. मी एवढं करते ते काय मरायला, म्हणायची. तिचंही खरं होतं.

"एक रात्र ते गाडीत राहू द्या," मास्तर म्हणाले. "माझं व्हायोलिन लागलं, तर मी तिला सांगेन की आता माझ्या हातात काही नाही. तिलाही सोपं जाईल."

"मी असलं काही करणार नाही, मास्तर."

"तुम्ही करताय कुठे. तुम्ही फक्त धरून ठेवताय, ते सोडा म्हणतोय."

ताईंनी नाही म्हटलं. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्या खेपेला विचारलं नाही, नुसते डोळे मिटून बसले. उतरताना त्यांचा पाय पायरीवर नीट पडला आहे की नाही हे त्यांना कळत नव्हतं. खाली बघून खात्री करून मगच त्यांनी दुसरा उचलला. ते ताईंना बघवेना.

पण काटा काही मास्तरांच्याच कप्प्यात पडेल असं नव्हतं. रात्रभर ताईंच्या डोळ्यांपुढे धाकटी येत राहिली. दुसऱ्या दिवशी त्या रेडिओवाल्याकडे गेल्या आणि म्हणाल्या की यातला धाकटीचा कप्पा पुसून टाका, हमालाचाही पुसा, नव्या दोघांचेही. सतार आणि व्हायोलिन, एवढंच राहू द्या. रेडिओवाल्याने कारण विचारलं नाही. पुसून झाल्यावर त्याने पडद्यावरची यादी त्यांना दाखवली. दोनच ओळी होत्या.

त्या संध्याकाळी ताईंनी लोकरी पिशवीतून यंत्र काढलं, गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवलं आणि दार लावलं. बरगडीपाशी एकदम गार लागलं. घरात आल्यावर सासूबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता शेकायची पिशवी पुढे केली.

सकाळी गाडीचं दार गोठलं होतं, खांद्याने रेटून उघडावं लागलं. रात्री फोनवर ठरल्याप्रमाणे त्या आधी मास्तरांकडे गेल्या. मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. पुढे बसले, मान डोलावली. ताईंनी यंत्र उचललं, ते बोटांना चिकटलं. पडदा करडा, मेल्यासारखा. त्यांनी बटण दाबलं आणि दोघंही वाट बघत बसले. काचा आतून त्यांच्या श्वासाने पांढऱ्या होत गेल्या.

कट्. बऱ्याच वेळाने, कट्. आणि मग, कट्.

गाडीभर धडधड सुरू झाली. इंजिनात खिळा पडल्यासारखी, मधूनच, आधीपासून चालू असलेली.

"हे तर पुसलं होतं," ताई म्हणाल्या. मास्तरांचा हात वायरीकडे गेला, पण बधिर बोटांना ती धरता येईना. ताईंनी ती उपटली आणि गाडी अशी वळवली की मागचं चाक फुटपाथवर चढून उतरलं. सगळ्या रस्त्याने मास्तर एकच वाक्य पुटपुटत होते, मी सांगायला नको होतं, मी सांगायला नको होतं.

धाकटी दारात उभी होती. हातांवर फुंकर घालत.

"मावशी, आज इतक्या लवकर? आणि माझं गाणं नाही लावलंस?"

ताईंनी तिला चढवलं, तिच्या गुडघ्यांवर आपली शाल टाकली. सेंटरपर्यंत त्यांनी गाडी अशी चालवली जशी काठोकाठ भरलेली परात डोक्यावर आहे. मास्तर सीटवर अर्धे मागे वळून पोरीकडेच बघत होते. ती वैतागली. "मास्तर, माझ्या तोंडाला काय लागलंय?" सेंटरवर पोचल्यावर ताई चहाला गेल्या नाहीत, यंत्रांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी आपल्या पलंगावर आडवं व्हायला नकार दिला. आधी तिचं नीट लागू दे, म्हणाले. नर्स चिडली.

पोरीच्या हाताला अजून सुई लावली नव्हती तोच डॉक्टर स्वतः आत आले. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की ताईंनी दाराची चौकट घट्ट धरली. डॉक्टर म्हणाले की मोठ्या हॉस्पिटलमधून निरोप आहे, हिच्याशी जुळणारी किडनी मिळाली आहे, रस्त्यावरच्या एका अपघातातली, घरच्यांनी दिली आहे. अर्ध्या तासात निघायचं. धाकटी आधी हसली, मग रडायला लागली, मग म्हणाली की माझी चप्पल कुठाय. ॲम्ब्युलन्स तिला घेऊन गेली तेव्हा ताईंची शाल तिच्याच अंगावर होती.

मास्तर आपणहून पलंगावर आडवे झाले आणि त्यांनी नर्सपुढे हात केला.

परतीच्या वाटेवर धाकटीची जागा रिकामी होती. हमाल उतरल्यावर मास्तर म्हणाले, "म्हणजे ते मरण सांगतच नव्हतं. या गाडीतून कोण उतरणार, तेवढंच."

"आणि तुमचं?"

"माझं त्याला ठाऊक नाही, ताई. ते मला ठाऊक आहे." त्यांनी खिडकीचं दव बाहीने पुसलं. "ज्याला ठाऊक आहे त्यानेच बोलायला हवं. मी उगाच एका डबीच्या आड लपत होतो."

यंत्र त्यानंतर सुरू झालं नाही. रेडिओवाल्याने ते उघडलं, तबकडी आपल्या मशिनीला जोडून तपासली. म्हणाला की व्हायोलिन आहे, सतार आहे, तुम्ही सांगताय ती गाणी यात नाहीत, त्यांची जागासुद्धा नाही. ताई म्हणाल्या, मला माहीत आहे. त्याने ते परत देऊ केलं. त्यांनी घेतलं नाही. पुढे कित्येक दिवस स्वेटरच्या आत त्यांचा हात आपोआप जायचा आणि रिकामा बाहेर यायचा.

दोन आठवड्यांनी धाकटीचा फोन आला. पाच वर्षं तिला दिवसाला मोजके दोन पेले पाणी मिळायचं. "मावशी, ऐक," ती म्हणाली, आणि फोन गळ्याशी धरून तिने अख्खा तांब्या पिऊन दाखवला. ताईंना प्रत्येक घोट ऐकू आला.

मास्तरांनी लेकीला कधी सांगितलं, कसं सांगितलं, ते ताईंना कळलं नाही. एका शुक्रवारी, धुकं इतकं होतं की दिव्यांचा उजेड दोन हातांवर संपत होता, तेव्हा त्या मास्तरांच्या गल्लीत शिरल्या. मास्तर बाहेरच उभे होते. हातात नेहमीची पिशवी नव्हती, ना पांघरूण, ना डबा. मागे दारात लेक उभी होती. तिचे डोळे सुजले होते, पण ती बापाच्या मागे उभी होती, आडवी नव्हती.

मास्तर ताईंच्या खिडकीशी आले. ताईंनी काच खाली केली.

"आजपासून मी येणार नाही," ते म्हणाले. "म्हटलं, आपण स्वतः सांगावं."

ताईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. मास्तरांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांची बोटं बर्फासारखी होती, आणि ते मात्र म्हणाले, किती गार हात तुमचे. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि हमाल खोळंबला असेल याची आठवण करून दिली.

गल्ली अरुंद होती, गाडी वळत नव्हती. नेहमी ताई आरशात बघत मागे घ्यायच्या, पण आज आरशात नुसता कापूस भरला होता. मास्तरांच्या ते लक्षात आलं. भिंतीला एक हात लावत, प्रत्येक पाऊल खाली बघून टाकत, ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. लेक पुढे झाली, त्यांनी तिला मागेच थांबवलं.

"येऊ द्या," ते म्हणाले. "येऊ द्या. थोडं डावीकडे."

ताईंनी गाडी मागे सोडली. मास्तर भिंत धरून मागे मागे सरकत होते. आरशात आधी त्यांचा शर्ट दिसत होता, मग फक्त हात, वर धरलेला, बोटांनी बोलावणारा. मग हातही धुक्यात गेला. ताई खिडकीतून मान बाहेर काढून, नुसत्या त्या आवाजावर गाडी मागे घेत राहिल्या.

"येऊ द्या. येऊ द्या. भरपूर जागा आहे."